दादानं बसवलेला दिवा

भाऊजी,

तुमचा तेरावा होऊन आज आठ दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले. माणसं भेटायला येत होती तेव्हा ओट्यावर तुमच्याबद्दलच बोलणं चालायचं. वीजघरातले तुमचे सोबती म्हणाले, खांबावर एवढ्या निवांतपणे काम करणारा माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही. कुणी तुमच्या भजनाची आठवण काढली, कुणी तुमच्या सायकलीची. मी आत बसून ऐकत होते. मला जे सांगायचं होतं ते त्या बैठकीत सांगण्यासारखं नव्हतं. ते तुमचं-माझं गुपित होतं, आठ वर्षांचं. भाऊजी, ते मी शनिवारी फोडलं. तुमच्या दादाला सगळं सांगून टाकलं. तुम्हाला कळवायला हवं म्हणून लिहायला बसले आहे. रागवाल, पण आधी पूर्ण वाचा.

सुरुवात त्या चैत्रापासूनच करावी लागेल. तुम्ही महिनाभर नवसारीला नव्या लाइनीच्या कामावर होतात. इकडे वानरांची टोळी आली आणि त्यातल्या एका हुप्प्यानं ओट्यावरच्या दिव्याला लटकून त्याचा पार चुराडा केला. माझं चैत्रगौरीचं हळदीकुंकू चार दिवसांवर आलेलं. मी ह्यांच्याजवळ एकदाच म्हटलं, ओट्यावर अंधार बरा दिसणार नाही. एवढंच. झालं, तुमच्या दादानं वाचनालयातून विजेवरचं एक पुस्तक आणलं, रावपुऱ्याच्या बाजारातून लोखंडी दांडीचा, वर पांढऱ्या काचेचा गोळा असलेला दिवा आणला, आणि रविवारची सबंध दुपार शिडीवर घालवून तो बसवला. खात्यात दिवसभर कागद लिहिणारा हा माणूस घामाघूम होऊन खाली उतरला तेव्हा चेहऱ्यावर असा आनंद होता की काय सांगू. "बघ," म्हणाले, "बाबू नाही म्हणून काही अडलं का?" मला खरंच अभिमान वाटला हो. माझ्यासाठी केलं होतं ना त्यांनी.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी सकाळी ओट्याची लोखंडी जाळी ओल्या फडक्यानं पुसत होते. बोटांना झिणझिण्या आल्या. मला वाटलं, रात्रभर डाळ वाटून हात भरून आलाय. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून झालं, पन्हं तयार झालं, पहिल्या पाच-सहा बायका अंगणाच्या दारात आल्याही होत्या, आणि तेवढ्यात तुम्ही स्टेशनवरून आलात. पिशवी खांद्याला तशीच. तुम्ही दिव्याकडे पाहिलंत, मग दिव्याची दांडी जाळीला जिथे आवळली होती तिकडे पाहिलंत.

"वहिनी, हा कुणी बसवला?"

"ह्यांनी," मी म्हटलं, आणि हसत हसत वर सांगितलं, "मेहनत दिव्याची त्यांना आणि मुंग्या माझ्या हाताला. सकाळपासून जाळीला हात लावला की झिणझिणतं."

तुम्ही चपला घातलेल्या पायांनीच तडक आत गेलात, मीटरजवळचा चिनी मातीचा फ्यूज ओढून काढलात आणि खिशात टाकलात. सगळं घर काळोखात.

मी तुमच्यावर किती ओरडले! बायका ऐकत होत्या तरी ओरडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "कंदील लावा, समया लावा. आज वीज नाही मिळणार." आणि मग माझ्या तोंडून ते निघून गेलं. "स्वतःचा संसार मांडला असतात तर कळलं असतं. दुसऱ्याच्या घरात अंधार करायला काय लागतं!"

भाऊजी, बाळंतपणात वेणूला, म्हणजे तुमच्या बायकोला, जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी तुम्हाला हे म्हटलं. तुम्ही कंदिलाची काच पुसत होतात. पुसून झाल्यावर ती बसवलीत, वात सारखी केलीत आणि कंदील माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेलात.

हे घरी आल्यावर काय झालं ते तर मी कधीच विसरणार नाही. मी तक्रार करायला तोंड उघडणार, तोच तुम्ही म्हणालात, "दादा, फ्यूजची तार जळली रे. जुनी झाली होती. उद्या नवी घालतो. दिवा मात्र फक्कड बसवलायस तू." हे खुलले. तुम्हाला जेवताना नवसारीच्या गोष्टी विचारत बसले. मी आत भांडी आपटत होते. मला कळेना, हा माणूस खोटं का बोलतोय.

दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर तुम्ही मला हाक मारलीत. "वहिनी, जरा या. लांबून बघा, हात लावू नका." तुमचा तो तपासायचा दिवा, एका होल्डरात बल्ब आणि त्याला दोन लांब तारा. फ्यूज पुन्हा बसवलात. एक तार अंगणातल्या नळाला बांधलीत, दुसरीचं टोक त्या जाळीला लावलंत. बल्ब पेटला.

ओट्यावरचं बटण बंद होतं हो. दिवा विझलेला होता. आणि तरी जाळी बल्ब पेटवत होती.

काल ओल्या अंगणातून अनवाणी पायांनी बायका येणार होत्या. लेकुरवाळ्या. प्रत्येकजणी ओटा चढताना त्याच जाळीला धरून चढते. तुम्ही पाच मिनिटं उशिरा आला असतात तर? मी हे मोठ्यानं म्हटलं असावं, कारण तुम्ही म्हणालात, "पण आलो ना? गाडी वेळेवर होती. चालो, आता कामाला लागू." वीजघरातल्या मंडळींत राहून तुमच्या बोलण्यात गुजराती शब्द कायमचे मुक्कामाला आले होते, आणि का कोण जाणे, त्या 'चालो'नं मला धीर आला.

"मला कशाला सांगता? मी बायकामाणूस."

"दिवसभर घरात कोण असतं? दादा की मी? जो घरात असतो त्यालाच हे यायला हवं."

म्हणून मी शिकले. पहिल्यांदा फ्यूज काढून खिशात. मेजावर नाही, कोनाड्यात नाही, खिशात. म्हणजे आपण शिडीवर असताना दुसरं कुणी येऊन शहाणपणानं तो बसवणार नाही. मला खिसा नाही म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, कमरेला खोचा. मग तपासायचा दिवा आधी चालू तारेवर लावून बघायचा, कारण बल्बच गेलेला असला तर तो सगळीकडे 'वीज नाही' असंच सांगेल. मग कामाच्या जागी बघायचं. आणि पुन्हा एकदा चालू जागी जाऊन बल्ब अजून शाबूत आहे ना ते पाहायचं. मी म्हटलं, "एवढा अविश्वास?" तुम्ही म्हणालात, "वहिनी, विजेला वास नाही, रंग नाही. तिच्यावर काय म्हणून विश्वास ठेवायचा?"

दिवा उघडलात तेव्हा ह्यांच्या हातचं काम दिसलं. दांडीच्या आत तारांचा जोड उघडा, वर नुसती धोतराची चिंधी गुंडाळलेली. ती सरकली होती आणि तांबं लोखंडाला टेकलं होतं. बटण बसवलं होतं ते परतीच्या तारेवर. म्हणून बटण बंद केलं तरी वीज दिव्यापर्यंत येऊन उभीच. तुम्ही एकेक दाखवत होतात, पण ह्यांना नाव ठेवणारा एक शब्द नाही. "पुस्तकात हे नीट दिलेलं नसेल," एवढंच.

तुम्ही बटण जिवंत तारेवर घेतलंत. नवीन रबरी तार ओढलीत. जोड चिनी मातीच्या जोडणीत घालून स्क्रू आवळलात आणि प्रत्येक तार मला ओढून बघायला लावलीत. मी हळूच ओढली तर म्हणालात, "माहेरची आठवण आल्यासारखी काय ओढता? जोरात!" तार दिव्यात शिरते तिथे तिला आधी खाली झोळ दिलात, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून ठिबकून जाईल, आत शिरणार नाही. काचेच्या गोळ्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून बसवलीत. दिव्याच्या तळाला एक बारीक भोक मात्र उघडं ठेवलंत, का विचारलं तर म्हणालात, "तरीही पाणी शिरलंच तर त्याला बाहेर जायला वाट नको का?" आणि शेवटी लोखंडी दांडीला एक जाड तांब्याची तार आवळून ती जाळीच्या मागून, दिसणार नाही अशी, नळाजवळच्या ओल्या जमिनीत, कोळसा-मीठ घालून पुरलेल्या तांब्याच्या पत्र्यापर्यंत नेलीत. ती वीज वाहून नेत नाही, ती वाट बघत असते, असं तुम्ही सांगितलंत. कधी काळी दांडीत वीज उतरलीच तर तिनं माणसातून न जाता ह्या तारेतून जमिनीत जावं आणि फ्यूज उडावा.

सगळं झाल्यावर दिवा बाहेरून होता तसाच दिसत होता. मी म्हटलं, "आता ह्यांना दाखवू या."

"नाही," तुम्ही म्हणालात. "दादाला सांगायचं नाही."

इथून आपलं भांडण सुरू झालं, भाऊजी, आणि ते तुमच्याबरोबर संपलं नाही. मी म्हणत होते, चूक कळली नाही तर माणूस ती पुन्हा करतो. तुम्ही म्हणत होतात, "त्यानं मला बापासारखं वाढवलं. आयुष्यात एक गोष्ट त्यानं हातानं केली आणि त्याला तिचं एवढं सुख आहे. ते मी काढून घेऊ? तो पुन्हा कुठं काही करायला निघालाच तर मी बघतो."

आणि बघितलंतही. हे आल्यागेल्याला दिवा दाखवायचे, "मीच बसवलाय, बाबू नव्हता तेव्हा," आणि तुम्ही शेजारी उभं राहून मान डोलवायचात. मी पदर तोंडाला लावून आत पळायची. ह्यांच्या कचेरीतल्या दोघांनी आपल्याकडेही तसाच दिवा बसवून मागितला. दोन्ही वेळा तुम्ही सुट्टी काढून सोबत गेलात. "दादा, तू वर चढ, मी सामान देतो," असं म्हणायचात, आणि हे गूळपाणी घ्यायला खाली उतरले की सगळे जोड नव्याने करायचात. किती वेळा भांडलो आपण! शेवटचं भांडण तर दिवाळीच्या फराळाच्या वेळी. मी झारा उगारून म्हटलं होतं, "तुम्ही काय जन्मभर त्यांच्या मागे शिडी धरून फिरणार आहात?" तुम्ही गरम चकली तोंडात टाकून म्हणालात, "थशे, थशे." होईल, होईल.

मग तुम्हाला ताप आला.

त्या तीन आठवड्यांचं मी लिहिणार नाही. एकच सांगते. एका दुपारी तुम्ही शुद्धीवर होतात, मी पेज भरवत होते. मी म्हटलं, "भाऊजी, त्या चैत्रात मी तुम्हाला नको ते बोलले होते." तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "ट्यूबची ती चकती दोन वर्षांनी बदलायला हवी, वहिनी. उन्हानं रबर चिरतं." मी पुन्हा सुरू केलं, तर म्हणालात, "पेजेत मीठ कमी आहे." मीठ बरोबर होतं. तुम्ही मला माफी मागू दिली नाहीत. तेव्हा मी ती थोरवी समजले. आता कधी कधी रागही येतो. माणसाला त्याचं ओझं उतरवू द्यावं, भाऊजी. हे घर दुसऱ्याचं नव्हतं. तुमचंच होतं. मी बोलले ते चुकले. आता नाही अडवू शकत तुम्ही मला.

शनिवारी पुन्हा वानरं आली. दिव्याची दांडी वाकली, गोळा फुटला. हे बराच वेळ ओट्यावर उभं राहून वर बघत होते. मग म्हणाले, "बाबू नाही आता. मागच्या वेळी मीच बसवला होता, आताही बसवतो." आणि शिडी आणायला वळले.

मी आत गेले, फ्यूज काढला, कमरेला खोचला आणि बाहेर येऊन म्हटलं, "अहो, थांबा. शिडी धरा, वर मी चढते."

त्यांनी शिडी आणून धरली. समोरच्या घरातल्या दोघीतिघी दारात आल्या. मी कासोटा आवळून वर चढले. तुमचा तपासायचा दिवा लावून बघितला, तुम्ही शिकवलं होतंत तस्सा. दिवा उघडून खाली दिला. तेव्हा हे म्हणाले, "ही तांब्याची तार कसली? मी नव्हती लावली. आणि हे जोड... हे माझे नाहीत."

मी शिडीवर बसूनच सांगितलं. झिणझिण्या, अंधार, नळाला बांधलेली तार, पेटलेला बल्ब, सगळं. कचेरीतल्या दोघांच्या घरचंही. त्यांनी शिडी सोडली नाही. पण मान खाली गेली ती वर येईना. मला वाटलं, तुमचंच खरं होतं, मी उगीच बोलले.

मग ते हसायला लागले. "आठ वर्षं," म्हणाले, "आठ वर्षं मी जगाला सांगत होतो आणि हा गाढव शेजारी उभा राहून मान डोलवत होता!" हसता हसता शिडीच्या पायरीवर कपाळ टेकलं आणि त्यांना रडू फुटलं. तुम्हाला नेलं त्या दिवसापासून ते रडले नव्हते, भाऊजी. मी वरून खाली उतरू शकत नव्हते, कारण शिडी त्यांनी घट्ट धरली होती. तशीच बसून राहिले. समोरच्या बायका आत निघून गेल्या, देव त्यांचं भलं करो.

थोड्या वेळानं त्यांनी एकदम मान वर केली. चेहरा पांढरा पडला होता.

"अगं, मास्तरांचा दिवा."

"कुठले मास्तर?"

"आमचे शाळेतले. मागच्या गल्लीतले. बाबू तापात होता तेव्हा त्यांनी मागीलदारी दिवा मागितला होता. त्याला कशाला त्रास, म्हणून मी एकट्यानंच बसवून आलो. न्हाणीघराजवळ, धुण्याची तार बांधलेली आहे तिथे."

आम्ही आपला दिवा तसाच उघडा टाकला, फ्यूज माझ्या कमरेला, आणि निघालो. हे जवळजवळ धावत होते. मी हातात तुमची हत्यारांची पिशवी घेऊन मागे. मास्तर ऐंशीच्या घरातले, आम्हाला बघून आनंदले, बसा म्हणाले. मी विचारलं, "काकू कुठे आहेत?"

"मागे, धुणं वाळत घालतेय."

हे ओरडले, "काकू, तारेला हात लावू नका!" मी मीटर शोधून फ्यूज ओढला. मागीलदारी गेलो तर काकू ओल्या फरशीवर उभ्या, खांद्यावर ओलं पातळ. दिव्याच्या दांडीलाच धुण्याची लोखंडी तार बांधलेली. त्या म्हणाल्या, "काय झालं रे? त्या तारेला हात लागला की मुंग्या येतात हो, म्हणून मी आधी कोरडं फडकं टाकून मगच कपडे घालते. म्हातारपणाचं असेल म्हटलं."

हे त्यांच्या पायांशी बसले.

तेव्हा, भाऊजी, आपल्या भांडणाचा निकाल लागला. माझं बरोबर होतं. दादाला सांगायला हवं होतं. तुमची माया तुमच्या नजरेपुरती पुरली, आणि नजर मिटल्यावर ती एका म्हातारीच्या जिवावर बेतली असती. हे मी तुम्हाला प्रेमानंच सांगते आहे. तुमच्यावर रागावता येतं, म्हणून बरं वाटतंय.

धुण्याची तार आधी दिव्यापासून सोडवली आणि दोन लाकडी खुंट्यांना बांधली. मग मी मास्तरांच्या शिडीकडे वळले, तर ह्यांनी माझा हात धरला. "माझ्या हातानं करू दे. तू खाली उभी राहा आणि सांग. चुकलो तर थांबव." वर चढून त्यांनी एकेक तार सोडली. बटण जिवंत तारेवर घेतलं. जोड आवळून झाल्यावर मला विचारलं, "आता?" मी सांगितलं, ओढून बघा. त्यांनी ओढली. एक निसटली. त्यांनी ती पुन्हा सोलून, पुन्हा आवळून, पुन्हा ओढली. जमिनीतला पत्रा पुरायला खड्डा त्यांनी स्वतः खणला. काकू कोळसे आणून देत होत्या.

संध्याकाळ होत आली तेव्हा फ्यूज घालून तपासून बघितलं. दांडी, धुण्याची तार, कुठेच बल्ब पेटला नाही. मग बटण दाबलं, तेव्हा नुसता दिवा लागला.

मास्तर म्हणाले, "वा! छान बसवलास हं दिवा."

ह्यांनी हात धुतले, धोतराला पुसले. "मास्तर," म्हणाले, "आधी मी चुकीचा बसवला होता. माझ्या धाकट्या भावाला हे काम येत होतं. त्यानं हिला शिकवलं, आणि हिनं आज मला."